मुके खांब, बोलका डबा

नगरसूल स्टेशनात नरसापूरची गाडी लागते तेव्हा फलाटावर मराठी बोलणारे म्हणजे चहावाला, हमाल आणि आम्ही दोघं. बाकी सगळा जमाव शिर्डीहून परत निघालेला, तेलुगू. हातात साईबाबांची तसबीर, पिशवीत उदी, लाडवांची पाकिटं, आणि सोबत इतकं सामान की देवाकडे मागायला आले होते की घर हलवायला, असा प्रश्न पडावा. आम्ही येवल्याचे, नगरसूल आमच्याच तालुक्यात. येवल्याची माणसं पैठण्या विकायला कुठेही जातात. पण क्रोशाचे टेबलक्लॉथ बघायला आंध्रात जाणारं कुटुंब गावात एकच, आणि त्याचा प्रमुख मी नाही.

"नरसापूर म्हणजे क्रोशाचं येवलं," असं सौभाग्यवतीनं जाहीर केलं होतं. त्यात चूक काही नाही. पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या या गावाच्या आसपास हजारो बायका पिढ्यान्‌पिढ्या बारीक सुतावर क्रोशाची लेस विणतात. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी ही कला तिथल्या बायकांना शिकवली. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. शिवाय आपल्या त्र्यंबकेश्वराला उगम पावलेली गोदावरी समुद्राला भेटण्याआधी तिचा वसिष्ठ फाटा नरसापूरवरूनच जातो. "नदी जाते, आपण का नाही?" या प्रश्नाला निवृत्त मुख्याध्यापकाकडे उत्तर नव्हतं.

क्रोशाशी माझा संबंध कसा आला ते सांगायला हवं. हिच्या रुखवतात ताटावरचे रुमाल, तोरण, मणी लावलेली तांब्याची झाकणं, सगळं क्रोशाचं होतं. संसारात रेडिओ आला, त्याला झबलं झालं. टीव्ही आला, त्यालाही झालं. मिक्सर, फोन, पाण्याचा माठ, कुणी उघडं राहिलं नाही. निवृत्तीनंतर मी घरात एका जागी बसून राहू लागलो तेव्हा हिची नजर माझ्यावरूनही माप घेतल्यासारखी फिरली. मी घाईघाईनं म्हणालो, "मलाच शिकव." तिनं चार मिलिमीटरची ॲल्युमिनियमची सुई आणि जाड सुताचे दोन गुंडे हातात दिले, एक निळा, एक पांढरा. "पट्ट्यापट्ट्यांची पिशवी करा. रुमाल तुमच्या आवाक्यातला नाही."

माझं मत विचाराल तर पिशवी हीच क्रोशाची सगळ्यात शहाणी वस्तू. रुमालाला कुणी हात लावला की घरची बाई ओरडते. पिशवीत बटाटे भरता येतात. राज्यात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून पिशवीवाल्या माणसाला बाजारात थोडी प्रतिष्ठाही आहे.

गाडी सुटली आणि मी चाळीस साखळ्या घातल्या. पिशवीचा तळ असा करतात: साखळीच्या एका बाजूनं मुके खांब (हा क्रोशाचा एक टाका) घालत जायचं, टोकाच्या साखळीत तीन घालून वळायचं आणि त्याच साखळीच्या पोटाखालून दुसऱ्या बाजूनं परत यायचं. शिवण लागत नाही, तळ फाटत नाही. मग वाढवायचं नाही, घटवायचं नाही, गोल गोल फेऱ्या मारत वर चढायचं. यात बुद्धीचं काम एकच: मोजणं. आणि रेल्वेच्या डब्यात मोजणं म्हणजे...

"काय करताय काका?"

हा प्रश्न छत्रपती संभाजीनगर येईपर्यंत सगळ्या वयोगटांतून येऊन गेला. पुरुषानं डब्यात पत्ते खेळले, घोरला, खिडकीतून थुंकला तरी कुणी ढुंकून पाहत नाही. त्यानं सुई काढली की आख्खा डबा शेजारी होतो. एका तरुणानं फोटो काढला. एका आजोबांनी हळूच विचारलं, "डॉक्टरनं सांगितलंय का?" तिकीट तपासनीस आला, त्यानं आधी पिशवी पाहिली, मग आमच्या आधारकार्डांवरची नावं दोनदा पाहिली, आणि जाताना हिला म्हणाला, "चांगलं शिकवलंय." हिनं मान डोलावली. साठीतलं शिष्यत्व माझ्या वाट्याला असं जाहीरपणे आलं.

जालन्याला बियाण्यांचे एक व्यापारी चढले. समोर बसले, चष्मा पुसला आणि थेट मुद्द्यावर आले.

"केवढ्याला जाईल ही?"

"विकायची नाही."

"तरी समजा." त्यांनी मोबाइलमधला गणकच उघडला. "सूत अडीचशेचं धरू. बाजारात चारशेच्या वर कोण देईल? म्हणजे दीडशे सुटले. वा! बरं आहे की."

"आणि मजुरी?" ही खिडकीकडूनच म्हणाली.

"मजुरी कसली ताई? हा तर टाइमपास आहे."

मी बरीच वर्षं वर्गात उभा राहिलेला माणूस. असं वाक्य ऐकलं की मला धडा सुचतो. मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिलं, ते १९८२ साली प्रसिद्ध झालं. त्यांचं म्हणणं असं की या बायका जगाच्या बाजारासाठी विणतात, पण त्यांना कामगार कुणीच म्हणत नाही. घरबसल्या फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी म्हणतात, आणि म्हणून नगावर तुटपुंजे पैसे दिले तरी चालतात. एक बाई नुसती फुलं विणते, दुसरी ती जोडते, मधले दलाल ते गोळा करतात, माल परदेशी जातो. हे सगळं मी व्यापाऱ्यांना सविस्तर सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "बाईंचा हिशेब बरोबर आहे. म्हणूनच तर माल परवडतो."

परभणीला ते उतरले. जाताना स्वतःचं कार्ड देऊन गेले. पिशव्या शंभराच्या वर असतील तर बोलू म्हणाले.

रंग बदलण्याची खुबी सोपी आहे, पण ती कुणी सांगितली नाही तर पट्टे दातरल्यासारखे दिसतात. जुन्या रंगाचा शेवटचा मुका खांब पुरा करायचा नाही. सुईवर दोन फास राहिले की नवा रंग घेऊन त्यानं ते दोन्ही ओढून घ्यायचे. दोन-दोन फेऱ्यांचे पट्टे असतील तर दोरा कापायचाही नाही, आतल्या बाजूनं वर न्यायचा. तरी गोल विणकामात फेरी जिथं संपते तिथं एक पायरी पडतेच. ती पायरी नेमकी बाजूला, पट्ट्याखाली येईल अशी ठेवायची. मी हे सगळं व्यवस्थित करत होतो, तेवढ्यात गाडीला हिसका बसला आणि पांढरा गुंडा खाली उतरून फिरायला गेला.

तो तीन बाकांखालून गेला. वाटेत एका बाळानं त्याला धरलं, चाटलं आणि सोडून दिलं. शेवटी तो पलीकडच्या बाजूला पुलिहोरा खात बसलेल्या एका काकांच्या पायाशी थांबला. त्यांनी सौजन्यानं, जेवता जेवताच, उचलून गुंडाळत आणून दिला. चिंच आणि हळदीच्या भाताचा हात! पिशवीच्या सहाव्या पट्ट्यात वीतभर पिवळा रंग आहे, तो नक्षीचा भाग समजावा.

गुंड्यामागोमाग काकांच्या बाकावरच्या दोन बायकाही आल्या, सासू आणि सून. सासूबाई पालकोल्लूच्या, म्हणजे नरसापूरच्या आधीच्या थांब्याच्या. त्यांनी माझ्या हातातलं विणकाम घेतलं, उलटं केलं आणि ज्या नजरेनं मी सातवीच्या उत्तरपत्रिका बघायचो त्या नजरेनं बघितलं. काहीतरी म्हणाल्या. सून हिंदीत म्हणाली, "अत्तय्या म्हणतात, हा दोरा नाही, दोर आहे. यानं म्हैस बांधतात."

मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून स्वतःचं काम काढलं. केसाएवढं सूत, टाचणीएवढी पोलादी सुई, आणि सुईकडे न बघता, हिच्याशी तेलुगूत गप्पा मारत (हिला तेलुगू येत नाही, हे दोघींपैकी कुणालाच अडलं नाही) त्यांनी एक पाकळी, दुसरी, तिसरी असं फूल पुरं केलं. मी तेवढ्यात अर्धी फेरी केली होती. "किती मिळतात एका फुलाचे?" हिनं खुणेनं विचारलं. सुनेनं आकडा सांगितला. हिनं तो मला पुन्हा सांगितला नाही, पण नंतर सिकंदराबादपर्यंत ती कुणाशी बोलली नाही. हिच्या बाबतीत हा गंभीर आजार समजला जातो.

रात्र झाली, दिवे मालवले, आणि मी अंधारात बोटांनी टाके चाचपत विणत राहिलो. वरच्या बर्थवरून हुकूम आला: "पट्टे आखूड करा. सूत ताणतं." अनुभवाचे बोल आहेत हे. क्रोशाच्या पिशवीत वजन पडलं की ती खाली वाढत जाते. खांद्याला हव्या त्यापेक्षा पट्टा आखूड विणावा लागतो, म्हणजे बटाटे भरल्यावर तो मापात येतो. मी चार बोटं आखूड केला. विजयवाडा मागे पडलं तेव्हा पिशवी पुरी झाली होती, आणि भीमावरमला सासूबाईंनी चाचणी म्हणून तिच्यात शिर्डीचा नारळ, दोन तसबिरी आणि डझनभर केळी भरून दिली. तसबिरी पालकोल्लूला उतरताना परत घेतल्या. केळी आणि नारळ आमचे.

नरसापुरात उतरल्यावर मला वाटलं होतं, ओट्याओट्यावर बायका विणताना दिसतील. तसं काही नाही. गाव इतर गावांसारखंच: रिक्षा, चहा, नदीकडून येणारा दमट वारा. काम घरांच्या आत आणि आसपासच्या खेड्यांत चालतं. बाजारात दिसतो तो फक्त घडी घातलेला माल. दुकानदारानं आमच्यापुढे टेबलक्लॉथचे ढीग उलगडले. ही प्रत्येक तुकडा उलटा करून जोडाच्या जागा बघत होती, आणि दुकानदार माझी पिशवी बघत होता.

"एक्स्पोर्टला नाही चालणार," तो शेवटी हिंदीत म्हणाला.

हिनं एक टेबलक्लॉथ निवडला, किंमत विचारली आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं म्हणाली, "पाचशे कमी करा."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. "हे दुकानदाराचे कमी करतेय," ती मराठीत पुटपुटली, "बायकांचे नाही."

दुकानदाराला मराठी कळलं नसावं, पण त्यानं आधीच्या गिऱ्हाइकांकडून हे ऐकलेलं असावं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, इथं कमी झालं की मी उद्या तिथं कमी करतो."

हिनं पूर्ण पैसे मोजले. पावती घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, केळी काढा त्या पिशवीतली. यात लेस ठेवायची आहे." केळी काढली. पण चार बोटं आखूड केलेला पट्टा नारळानं एव्हाना इतका ताणला होता, की खांद्यावरची पिशवी माझ्या गुडघ्याला लागत होती. तो टेबलक्लॉथ शेवटी दुकानदाराच्या कागदी पिशवीतून आला, आणि माझ्या पिशवीत परत केळी.