निळा कागद आणि रात्रीचा एक

मार्चचा दुसरा आठवडा, इंग्लंड

ती. अण्णा आणि सौ. आईस,


आधी एक खुलासा. सांगलीच्या आत्याने तुम्हाला सांगितलं की, तुमचे जावई बारच्या भानगडीत पंचांपुढे उभे राहिले. यातला शब्द न् शब्द खरा आहे, फक्त अर्थ तो नाही. बार त्यांचा नाही. भानगड मात्र त्यांचीच. फोनवर सांगायला गेले तर अण्णा मध्येच "म्हणजे जामीन झाला का?" विचारतात, म्हणून हे सविस्तर पत्र.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बार आहे. आई, तू इथे आली होतीस तेव्हा दारावर टांगलेल्या फुलांच्या टोपल्या बघून चार दिवस ज्याला 'ते फुलांचं दुकान' म्हणत होतीस, तोच. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्या फुलांच्या दुकानातून एक गृहस्थ दोघांच्या आधाराने बाहेर आले, तेव्हा तुला कळलं.

तर जानेवारीत त्या बारच्या खिडकीत एक फिकट निळा कागद लागला. इथे बारवाल्याला वेळ वाढवून हवी असली की कौन्सिलकडे अर्ज करावा लागतो आणि तसं निळ्या कागदावर लिहून २८ दिवस बाहेरून दिसेल असं लावावं लागतं. कागद निळाच हवा, अक्षरं अमुक आकाराच्या खाली नकोत, सगळं कायद्यात आहे. शिवाय गावच्या पेपरातही द्यायचं. थोडक्यात आपल्या 'तमाम लोकांस कळविण्यात येते की'चा गोरा भाऊ. येणारेजाणारे त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. पण तुमचे जावई पडले पुण्याचे. भिंतीवर कागद दिसला आणि न वाचता पुढे गेले, असं अजून घडलेलं नाही. भर पावसात, चष्मा पुशीत, त्यांनी तो दोनदा वाचला आणि दूध न आणताच घरी आले.

मागणी एवढीच होती की शुक्रवार-शनिवार रात्री ११ ऐवजी १ पर्यंत दारू, १ पर्यंत गाणी आणि १ पर्यंत गरम खाणं. हो, गरम खाण्याचं वेगळं मागावं लागतं. अण्णा, बसून वाचा. या देशात रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात लोकांना गरम खाणं किंवा गरम पेय विकायला परवाना लागतो. गार सँडविच खुशाल विका. म्हणजे मिरज जंक्शनवर रात्री दोनच्या गाडीला गार्डाच्या डब्यापाशी तुम्हाला चहा आणून देणारा तो पोरगा इथे असता, तर केटलीसकट उचलला गेला असता.

मी म्हटलं, "दोन तासांनी काय बिघडतं?" तर ते म्हणाले, "आज एक, उद्या तीन. आणि झोप?" आता हे कोण बोलतंय? ज्या माणसाचं बालपण लक्ष्मी रोडला लागून गेलं, जिथे विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दारावरून जात असते. आणि मी? शंटिंगच्या दणक्यांत पाळण्यात झोपलेली. मिरजेच्या दर्ग्यातल्या संगीतसभेला, अण्णा, तुम्ही रात्रभर बसायचात आणि मी तुमच्या मांडीवर. पहाटे भैरवी सुरू झाली की तुम्ही मला उठवायचात. पण इथे दहा वर्षं राहिलं की माणसाचे कान बदलतात बहुतेक. मलाही हल्ली शेजारच्यांच्या गाडीचं दार जोरात लागलं तर राग येतो. मिरजेत कुणाचं दार लागलेलं मला आठवतच नाही. लागायचीच नाहीत ती.

हरकत घ्यायची ठरली. पहिला मसुदा चार पानी झाला. त्यात गांधीजी होते, संसारांची धूळधाण होती आणि शेवटच्या परिच्छेदात गाडगेबाबा. इंग्रजीत गाडगेबाबा कसे दिसत होते ते विचारू नका. कौन्सिलच्या एका बाईंनी फारच गोड भाषेत उलट कळवलं की २००३ च्या कायद्याप्रमाणे निकाल देणाऱ्या उपसमितीला फक्त चार गोष्टी बघता येतात: गुन्हे आणि दंगा टाळणं, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणं आणि लहान मुलांना अपाय होऊ न देणं. दारू वाईट, हे कारण चालत नाही. घराची किंमत पडेल, हेही नाही. चौकटीत बसेल तेवढंच लिहा.

मग काय, गाडगेबाबा गेले, उपद्रव उरला. मुलांच्या कलमासाठी चिंगीला पुढे करायचा विचार होता, पण तीच म्हणाली, "बाबा, मी पंधरा वर्षांची आहे. रात्री एकला मी जागी असते ते बारमुळे नाही." ते कलम आम्ही गुपचूप सोडून दिलं.

पुढची गोष्ट त्या बाईंनी पत्राच्या तळाशी लिहिली होती आणि आम्ही ती वाचली नव्हती. हरकत घेणाऱ्याचं नाव-पत्ता अर्जदाराला कळवतात. निनावी अर्जांवर पोसलेल्या आपल्या माणसांना हा केवढा धक्का! दोन दिवसांनी आम्ही बाजारातून येत होतो. बारच्या मालकीणबाई फुलांना पाणी घालत होत्या. साठीच्या असतील, सगळ्या जगाला 'लव्ह' म्हणतात. त्यांनी झारी खाली ठेवली, हात हलवला आणि म्हणाल्या, "तुमचं पत्र वाचलं, लव्ह. फार छान लिहिता." जावईबापू कोथिंबिरीच्या जुडीआड तोंड लपवून घरात शिरले.

कारण एक गोष्ट हरकतीत नव्हती, ती तुम्हाला सांगायलाच हवी. गेल्या ऑगस्टमध्ये आपल्या इथल्या गणपतीला ढोल-ताशा बसवायचा होता. आम्ही तीसेक मराठी घरं, ढोल सहा, ताशा एक, सरावाला जागा कुठे नाही. शाळेचा हॉल गळत होता. तेव्हा याच बाईंनी आपलं मागचं अंगण चार रविवार दुपारी फुकट दिलं. वर आमच्या पोरांना लिंबाचं सरबत पाजलं. आणि तो एक ताशा कोण वाजवत होतं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. मी हे सही करायच्या आधी बोलून दाखवलं होतं. "तो संस्कृतीचा भाग आहे," असं उत्तर मिळालं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुनावणी झाली. टाउन हॉलमधली खोली आपल्या तलाठी कार्यालयापेक्षा थोडीच मोठी, फक्त गालिचा होता. समोर तीन नगरसेवक, बाजूला कौन्सिलचा कायदा सांगणारा एक तरुण, एका हाताला बाईंचा वकील आणि दुसऱ्या हाताला आम्ही हरकतवाले: समोरच्या घरातले म्हातारे गृहस्थ, पलीकडच्या आजीबाई आणि आम्ही. पोलिसांचं माणूसच नाही. त्यांनी अटी आधीच ठरवून घेतल्या होत्या, त्यामुळे त्यांची हरकत उरली नव्हती. आवाजाच्या खात्यानेही मशीनवर मर्यादा घालणारी डबी बसवून घ्यायचं कबूल करून घेतलं होतं. म्हणजे लढाईला आमची तीन घरंच उरली.

प्रत्येकाला पाच मिनिटं. आजीबाई आधी बोलल्या. अध्यक्षांनी विचारलं, "रात्री तुम्हाला किती त्रास होतो?" त्या म्हणाल्या, "रात्री मला काही ऐकू येत नाही. झोपताना मी यंत्र काढून ठेवते." खोलीत शांतता. मग त्या टेबलावर बोट आपटून म्हणाल्या, "पण सकाळी सातला मी ते घालते, आणि त्याच क्षणी हे लोक रात्रीच्या रिकाम्या बाटल्या डब्यात ओततात!" तिन्ही नगरसेवकांनी एकदम लिहून घेतलं. इतक्या दिवसांत कुणी मांडला नाही असा हा मुद्दा पाऊण मिनिटात मांडून त्या बसल्या, आणि पर्समधून पेपरमिंट काढून त्यांनी मला दिली.

मग तुमचे जावई. त्यांनी घर ते बार अंतर सांगितलं: चाळीस पावलं, स्वतः मोजलेली. अध्यक्षांनी विचारलं, "आवाजाची काही नोंद ठेवलीय का?" याच प्रश्नाची ते महिनाभर वाट बघत होते. चिंगीच्या जुन्या गणिताच्या वहीत त्यांनी रोज रात्री खिडकीत बसून नोंदी केल्या होत्या. वाचायला लागले: "शुक्रवार. ११.०५, घंटा. ११.२०, एक बाई हसली. ११.२५, तीच बाई हसली. ११.४०, दोन पुरुष निरोप घेतात. ११.५५, तेच दोन पुरुष अजून निरोप घेतात." मला वाटलं, हे तर आपल्या घरच्या फाटकातलं वर्णन आहे. तुमच्याकडून निघताना मामा काय कमी वेळ घेतो? एक नगरसेविका खाली मान घालून कागद नीट करत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

आता वकील उठला. शांत माणूस, आवाज आपल्या बँकेतल्या कर्जवसुलीवाल्यासारखा. म्हणाला, "गेल्या वर्षभरात या जागेबद्दल कौन्सिलकडे आवाजाची एकच तक्रार नोंदली गेली आहे. परवानगी असेल तर वाचतो. ऑगस्ट महिना, रविवार दुपार, सव्वातीन वाजता. 'मागच्या अंगणात दीड तास अखंड मोठमोठे ढोल.'" मग तो खाली बसला. आणखी एक शब्द नाही.

मी बाईंकडे बघितलं. त्या आपल्या नखांकडे बघत होत्या. ते ढोल कुणाचे, हे त्यांनी वकिलालाही सांगितलं नसावं. अध्यक्षांनी विचारलं, "हे ढोल कसले होते, कुणाला माहीत आहे का?" अण्णा, लग्नाला सतरा वर्षं झाली. या माणसाला मी बँकेशी, बिल्डरशी, तुमच्याशी वाद घालताना बघितलंय. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी उभे राहिले, वही मिटली आणि म्हणाले, "ढोल आमचे होते. ताशा माझा." आजीबाई माझ्या कानाशी मोठ्याने कुजबुजल्या, "तक्रार मी केली होती. पण शेवटच्या रविवारी तुम्ही बरं वाजवलंत."

तिघं नगरसेवक आत विचार करायला गेले. आम्ही बाहेर बाकावर, बाई आणि त्यांचा वकीलही त्याच बाकावर. समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी वेळ घालवायला इतिहास सांगायला घेतला. इथे बार लवकर मिटायला लागले ते पहिल्या महायुद्धात. दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगार झिंगून येतील ही सरकारला धास्ती. १९१५ मध्ये लॉइड जॉर्ज म्हणाले होते की आपण जर्मनीशी, ऑस्ट्रियाशी आणि दारूशी लढतोय, आणि त्यांतला मोठा शत्रू दारू. तेव्हा दुपारी बार बंद ठेवायची जी पद्धत पडली, ती युद्ध संपून सत्तर वर्षं झाली तरी, १९८८ पर्यंत टिकली. तोवर गृहस्थांचं निम्मं आयुष्य दुपारचं कोरडं गेलं, असं ते हळहळून म्हणाले. मग २००५ पासून हे परवाने न्यायाधीशांकडून कौन्सिलकडे आले आणि ज्याला हवी त्याने वेळ वाढवून मागायची सोय झाली.

मीही मागे राहिले नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, प्यायलासुद्धा परमिट लागतं, म्हणून बारच्या पाट्यांवर 'परमिट रूम' असतं, हे सांगितलं. आणि मग मावशीच्या गावची उभी बाटली-आडवी बाटली. मतपत्रिकेवर दोन चित्रं, बायका रांगेत, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींची मतं आडव्या बाटलीला पडली की दुकानाला कुलूप. आजीबाईंचे डोळे चमकले. "नुसत्या बायकांनी?" त्यांनी विचारलं. बारवाल्या बाई बाकावर किंचित लांब सरकल्या.

निकाल असा: १ नाही, १२. तोही फक्त शुक्रवार-शनिवार. मागचं अंगण १० ला रिकामं करायचं. दाराशी 'शांतपणे घरी जा' अशी पाटी. आणि रात्री ११ ते सकाळी ८ बाटल्यांचा डबा उघडायचा नाही. कुणाला मान्य नसेल त्याने २१ दिवसांत कोर्टात जावं. अजून तरी कोणी गेलेलं नाही. खऱ्या जिंकल्या त्या आजीबाई. आता त्या आठपर्यंत झोपतात, आणि आमच्याकडे बघून हसतात.

जाताना बाई आमच्याजवळ आल्या. मला वाटलं, आता हिशेब होणार. त्या म्हणाल्या, "यंदा सराव कधीपासून, लव्ह? आधी सांगा, म्हणजे बाजूच्यांना चिठ्ठ्या टाकते." गाडीत बसल्यावर जावईबापू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चिठ्ठ्या निळ्या कागदावर टाकायला हव्यात."

बाकी सर्व ठीक. आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव. चिंगीचा नमस्कार.

तुमची,
ताई

ता. क. – मे महिन्यात मामेभाऊ येतोय, त्याच्याबरोबर ताशाच्या काड्यांचे दोन जोड पाठवा. एक जोड आजीबाईंना हवाय.