बर्फ भाड्याने मिळेल

स्वीडनच्या उत्तरेला आर्येप्लुग नावाची नगरपालिका आहे. माणसं २,७०० च्या आसपास, तळी ८,७२७. तान्ह्या बाळासकट प्रत्येकाला तीन-तीन वाटली, तरी वर काही उरतातच. मोजणाऱ्याला थंडीत मध्येच कुठेतरी थांबून 'झाली साडेआठ हजार' म्हणायचा मोह कसा झाला नाही, हे नवल! विस्तार साधारण उत्तर आयर्लंडएवढा. तिथे एकोणीस लाख लोक राहतात. इथे शेजाऱ्याशी भांडायचं तरी आधी गाडीत पेट्रोल भरावं लागतं.

नवखा पाहुणा पहिल्यांदा फसतो तो अंतरात. 'दोन मैल' ऐकून तो पायीच निघतो. स्वीडिश मैल १० किलोमीटरचा असतो, हे त्याला कळेपर्यंत नाकाचा शेंडा बधिर झालेला असतो. दुसऱ्यांदा फसतो होकारात. इकडचा माणूस पुष्कळदा 'हो' म्हणतच नाही. ओठांचा चंबू करून सपकन हवा आत ओढतो. पाहुण्याला वाटतं, याच्या पोटात कळ आली. वास्तविक त्याने फक्त कॉफी मिळेल का, एवढंच विचारलेलं असतं.

कॉफी मिळते. तीत पनीरच्या जातीच्या चीजचे तुकडे बुडवलेले असतात आणि ते दाताखाली किरकिरतात. तक्रार करू नये.

रस्त्याकडेच्या खांबांना काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या लटकलेल्या दिसल्या, की पाहुणा स्वच्छतेवर शेरा मारायला सरसावतो. तो कचरा नसतो. जवळपास रेनडिअर आहेत, गाडी हळू घ्या, असा तो इशारा. हे रेनडिअर मोकाट दिसले, तरी बेवारस नसतात. प्रत्येकाच्या कानावर सामी (इथले मूळ आदिवासी) मालकाची खूण कातरलेली असते. मात्र 'तुमचे एकूण किती?' असं त्या मालकाला विचारू नये. बँकेत शिल्लक किती, असं विचारण्यासारखंच ते.

बाहेरच्यांना इथलं काहीतरी हवंच असतं. १६३० च्या दशकात नॉर्वेच्या सीमेवर नासा डोंगरात चांदी सापडली आणि ती ओढायचं काम सामींच्या आणि त्यांच्या रेनडिअरांच्या गळ्यात पडलं. पुढे १९२२ मध्ये आयनार वाल्क्विस्ट हे डॉक्टर इथे आले. रुग्ण तपासता तपासता ते जुन्या वस्तू आणि सामींची चांदी जमवत गेले. त्यातून १९६५ मध्ये रौप्य संग्रहालय उभं राहिलं.

आता मागणी आहे ती बर्फाला. १९७० च्या दशकापासून मोटार कंपन्यांचे इंजिनिअर, विशेषतः जर्मन, हिवाळा लागला की इथे थडकतात. गाड्यांचे ब्रेक आणि घसरत्या गाडीला सावरणारी यंत्रणा गोठलेल्या तळ्यांवर तपासली जाते. तावून-सुलाखून नव्हे, गोठवून. त्यासाठी तळी राखावी लागतात. बर्फावर पडलेलं भुसभुशीत हिम गोधडीसारखं असतं: खालचा थर उबेत राहतो आणि जाड होत नाही. म्हणून स्थानिक माणसं तळ्यांवरची गोधडी रोज ओढून काढतात. एरवी अंगण झाडायचा कंटाळा करणारा माणूस हौसेने तळं झाडतो, कारण त्याचं भाडं येतं.

या गाड्या बाजारात यायच्या असतात, म्हणून अंगभर काळी-पांढरी नक्षी चिकटवून त्या फिरतात. आकार कुणाला ओळखू येऊ नये, हा हेतू. परिणाम असा, की शुभ्र बर्फाच्या पसाऱ्यात ही नक्षीदार गाडी मैलभरावरून (स्वीडिश मैल!) नजरेत भरते आणि तिचा फोटो घ्यायला टपलेले छायाचित्रकार झाडाआड कुडकुडत बसलेले असतात. जगाला अजून न दिसलेली गाडी गावातल्या आजीबाई दूध घ्यायला जाताना दुकानासमोर बघतात आणि तिच्याकडे ढुंकूनही न बघता पुढे जातात.

इतक्या पाहुण्यांना हॉटेलं कुठून पुरणार? मग घरं भाड्याने जातात. यजमान वरचा मजला इंजिनिअरांना देतो आणि बायकोमुलांसह तळघरात उतरतो. स्वतःच्याच घरात पोटभाडेकरू! पैसे बरे मिळतात, म्हणून कुरकूर दबक्या आवाजात होते, तीही श्वास आत ओढूनच.

मार्चअखेर बर्फ पिचकायला लागतं आणि नक्षीदार गाड्या ट्रकांवर चढतात. यजमान गाद्या घेऊन वर येतो, खिडक्या उघडतो. जूनमध्ये, ज्या तळ्यावर गाड्या गिरक्या घेत होत्या, तिथे तो होडीतून गळ टाकून बसतो. मध्यरात्रीही लख्ख उजेड असतो आणि भोवती डास असतात. त्यांच्याकडून भाडं कसं घ्यावं, हे मात्र अजून कुणाला जमलेलं नाही.