स्वल्पविरामाची जागा

बाळकुम नाक्यावर एखादं कोटेशन अमेरिकी सेटिंगच्या संगणकातून निघालं, की सव्वा कोटीचा फ्लॅट १२,५००,००० असा छापून येतो. घाईत वाचणाऱ्याला तो बारा लाखांचा वाटतो. ठाण्यात याहून मोठं सुख नाही. स्वल्पविराम हलवून १,२५,००,००० केलं, की रक्तदाबही हलतो.

असा घोळ होऊ नये म्हणून युनिकोडच्या सीएलडीआर या भांडारात भाषावार नियम नोंदलेत. आपला साधा: उजवीकडून आधी तीन अंक, मग दोन-दोन. गंमत पुढेच आहे. तिथे मराठीचे अंक मुळातच देवनागरी धरलेत, हिंदीचे मात्र इंग्रजी वळणाचे. म्हणजे मोर्चा, उपोषण, निवेदन यांतलं काहीही न करता आपल्याला अस्मिता आयती मिळाली! आणि आपण? फोन इंग्रजीत ठेवून मोकळे.

₹ हे चिन्ह २०१० साली सरकारने स्वीकारलं आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्येही गेलं. इतकी चपळाई पाहून शंकाच येते.

फलकावरच्या किमतीला चिकटलेल्या बारीक तारकाचिन्हाला मात्र सीएलडीआरमध्ये रकाना नाही. जीएसटी, मुद्रांक शुल्क, पार्किंग आणि ‘खाडीचं दृश्य’ त्याच्याच पोटात राहतात.