कोपऱ्यावरच्या अण्णांची फोर बाय फोर

या सर, इकडं सावलीत या. शेवग्याच्या शेंगा काढून ठेवल्यात, वहिनींना द्या. भिंतीवरनंच घ्या, गेटला वळसा कशाला? आणि मला एक सांगा, चिरंजीव दिल्लीची गाडी बघतायत म्हणे?

मला कुठून कळलं म्हणजे काय? वहिनी आमच्या हिला म्हणाल्या, हिनं मला सांगितलं. आपल्या कॉलनीत कुणाच्या कुकरला किती शिट्ट्या झाल्या तेसुद्धा शेजारी मोजतात. साठ-पासष्ट लाखांची फोर-व्हील ड्राइव्ह, बारा लाखांत! आत चामड्याची सीटं, डोक्यावर काचेचं छत. आता तुम्ही गणिताचे. ज्याच्या दारात ती उभी आहे तो माणूस पन्नास लाखांवर पाणी सोडून ती का काढतोय? त्याला काय तुमच्या चिरंजीवांचा लळा लागलाय?

हां, दिल्लीचं कारण खरं आहे. २०१५ साली हरित लवादानं सांगितलं, दिल्लीत दहा वर्षांवरची डिझेल गाडी चालणार नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं तेच कायम केलं. २०२५ मध्ये कोर्टानं जरा ढील दिली, पण तोवर तिकडच्या जुन्या डिझेलचा भाव बसला तो बसलाच. पण सर, मेख तिथंच आहे. दहाव्या वर्षी काढायचीच असं ठरलेल्या गाडीवर आठव्या-नवव्या वर्षी पैसा कोण घालतो? ऑइल बदलायचं झालंय, बघू. बुश वाजतायत, वाजू देत. ती सगळी राहिलेली कामं गाडीबरोबर आपल्या दारात उतरतात.

आता अण्णांचंच घ्या. हळू बोलूया, गॅलरीत पेपर वाचत बसलेत, पण लक्ष सगळं इकडं. त्यांचं रान हायवेत गेलं, मोबदला आला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पोराला स्थळं बघायची, तर दारात काहीतरी दिसायला पाहिजे म्हणून ही गाडी आणली. कंपनीचं नाव घेत नाही, ऐकू जाईल. आल्याबरोबर हार, नारळ, अख्ख्या कॉलनीला पेढे. आणि पहिल्याच स्थळाला, कराडकडं, गाडी मुलीच्या अंगणात लावून मंडळी आत पोह्याला बसली. बाहेर येऊन बघतात तर गाडी मागनं खाली बसलेली! मुलीचा मामा गॅरेजवाला निघाला. त्यानं वाकून बघितलं, आणि सगळ्यांदेखत म्हणाला, ‘अण्णा, मागची डावी पिशवी गेलीय.’ स्थळ मोडलं ते पत्रिकेमुळं, असं अण्णा सांगतात. आपण तसंच धरून चालायचं.

पिशवी म्हणजे? सांगतो की. आमच्या एसटीच्या लाल डब्याला पाटे. पाटा तुटला तर आवाज येतो, दिसतो, कुठल्याही तालुक्याच्या गावाला बदलून मिळतो. या भारी गाड्यांतल्या बऱ्याच जणींना पाटेही नाहीत आणि स्प्रिंगही नाही. चार कोपऱ्यांना रबराच्या हवेच्या पिशव्या, मध्ये एक छोटा कॉम्प्रेसर. बटण दाबलं की गाडी उचलते, म्हातारीला चढायचं असलं की खाली येते. रेंज रोव्हरला हे १९९२ साली आलं, मग ऑडी क्यू ७, मर्सिडीजची जीएल, सगळ्यांनी धरलं. चालतं तोवर राजाचं सुख. पण रबर ते रबर. काही वर्षांत घडीला चिरा पडतात, हवा गळते. हवा गळते म्हणून कॉम्प्रेसर सारखा चालतो. सारखा चालतो म्हणून तोही जळतो. अण्णांनी नुसता कॉम्प्रेसर बदलला, पिशवी तशीच ठेवली. दोन-तीन महिन्यांत नवा कॉम्प्रेसर पण गेला. मी या भिंतीवरनं सांगितलं होतं, आधी गळती शोधा. पण एसटीतल्या मिस्त्रीचं कोण ऐकतो? मोठ्या शहरातल्या गॅरेजवाल्यानं एसीत बसवून कॉफी दिली, तेव्हा बिल दिलं.

गोम अशी की गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. बारा लाखांना आणलेल्या गाडीचा हेडलाइट पासष्ट लाखांच्या गाडीचाच असतो. टायर बघा. वीस इंची चार टायर लाखाच्या पुढं जातात. आणि चारही चाकं कायम ओढणारी गाडी असली तर एक टायर फाटला म्हणून एकच नवा घालून भागत नाही. नवा टायर घेरानं मोठा, जुने झिजून बारीक. फरक जास्त झाला की चाकांचा वेग जुळत नाही आणि मधला डिफरन्शियल, ट्रान्सफर केस रात्रंदिवस तो फरक सोसत राहतो. मग टायरच्या पैशात वाचवलेलं तिकडं दहापट जातं. दारात हत्ती झुलवायचा तर वैरणीचं आधी बघायला नको?

काय म्हणालात? टाटांची झाली म्हणजे पार्ट स्वस्त? वा सर! हे मला निम्म्या कोल्हापुरानं विचारलंय. टाटांनी २००८ साली फोर्डकडनं जग्वार लँड रोव्हर घेतली, २.३ अब्ज डॉलरला. २०११ पासनं पुण्यात फ्रीलँडर जुळवायलाही लागले. म्हणून काय तिचा पार्ट सुमोच्या दुकानात मिळतो होय? मालक एक झाला, पार्ट निराळेच. डिस्कव्हरी ३ आणि ४ च्या डिझेलचा टर्बो काढायचा तर बरीच गॅरेजं अख्खी बॉडी चासीवरून उचलतात. पार्टचे पैसे बाजूला ठेवा, नुसती मजुरी विचारून बघा.

गिअरबॉक्सचं अजून एक. ऑटोमॅटिकमध्ये ऑइल आयुष्यभराचं भरलंय, उघडायचं नाही, असं विकणारा सांगतो. झेडएफ कंपनी हे गिअरबॉक्स बनवते, ती स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला ऑइल बदला. दिल्लीहून आलेल्यात कुणी बदललंय? कागद दाखवा म्हणा. मग ऐका, समोरचा विषय कसा बदलतो ते.

नाही, गाडी वाईट आहे असं कोण म्हणतंय? गाडी झकासच आहे. अण्णांनी एकदा मला गगनबावड्याच्या पुढं नेलं. करूळ घाटात पावसानं रस्ता धुतलेला, धुकं, दगड आलेले. पण आत चहाचा कप ठेवला असता तरी सांडला नसता. मी आयुष्यभर डब्याखाली झोपून नट पिळले, मला त्या गाडीखाली झोपायला आवडेल. पण अण्णा तिचं करतात काय? सकाळी मिसळ खायला जातात, संध्याकाळी रंकाळ्याला जातात. डिझेलच्या धुराच्या नळकांड्यात काजळी धरणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात. ती तापली की काजळी जळून साफ होते. आणि तापायला गाडी हायवेला सलग धावायला लागते. मिसळीच्या फेऱ्यांत जाळी चोंदते, दिवा लागतो, गाडीचं बळ जातं. मीच सांगितलं, अण्णा, आठवड्यात एकदा बंगळूर हायवेला निपाणीपर्यंत जाऊन या. आता जातात. त्यांच्या घरी वाटतं माणूस देवदर्शनाला लागलाय.

आणि ती चार चाकं! लो गिअर कशासाठी असतो हे अण्णांना ठाऊकच नव्हतं. लो टाकला की गाडी मुंगीच्या पावलानं चालते पण चाकाला जोर मिळतो. उसाच्या फडातल्या काळ्या चिखलातनं, खड्या चढावरनं काढायला. वर्षानुवर्षं वापरला नाही तर तो टाकणारी छोटी मोटरच आखडून बसते. गरज नसली तरी महिन्यातनं एकदा, मोकळ्या रानात, लो टाकून थोडं फिरवायचं. पण थारसारखी हातानं फोर-व्हील टाकायची गाडी असली तर कोरड्या डांबरावर ती टाकून वळायचं नाही. पुढच्या-मागच्या चाकांना मध्ये सूट मिळत नाही, सगळा ताण दांड्यांवर येतो. शिवाय चारही चाकं ओढतात म्हणून गाडी लवकर थांबते असं कुणी समजू नये. ब्रेक सगळ्यांना सारखेच, आणि या भारी गाड्यांचं वजन दोन टनांच्या वर. कोकणात किनाऱ्यावर वाळूत रुतून भरतीच्या पाण्यात गेलेल्या गाड्यांचे फोटो बघा, त्यात फोर बाय फोर किती दिसतात.

पाण्यावरनं आठवलं. पहिली रेंज रोव्हर १९७० ची. शेतकऱ्यानं चिखलातनं यावं आणि आतनं पाण्याच्या नळीनं धुऊन काढावी, अशी तिची बैठक होती. देखणी इतकी की पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मांडली. आता त्याच घराण्यातल्या गाडीच्या सीटखाली पाणी गेलं की खेळ संपला. सीटखाली, डिकीच्या तळाला वायरिंगचे डबे असतात. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९ ला आपल्या पंचगंगेनं काय केलं ते तुम्ही बघितलंय. पुरात बसलेल्या गाड्या जातात कुठं? पॉलिश होऊन परत बाजारात येतात. म्हणून चिरंजीवांना सांगा, सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून बघायचा. टोकाला मातीचा डाग दिसला, सीटच्या बोल्टला गंज दिसला, आत अत्तराचा वास नको तेवढा दरवळला, की नमस्कार करायचा.

मीटर? मीटरवर विश्वास ठेवायचाच नाही. चाळीस हजार किलोमीटर दाखवतोय आणि ब्रेकचं पायाखालचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचं चामडं चकाकतंय, तर मीटर मागं नेलाय. स्कॅनर लावला की इतर डब्यांत कधी कधी खरा आकडा सापडतो. दोन्ही किल्ल्या मागून घ्यायच्या. एकच असली तर दुसरीच्या किमतीत जुनी स्कूटर येते.

कागदाचं वेगळं पुराण. दिल्लीच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. नावावर करायला २९ आणि ३०. कर्ज फिटलेलं असलं तर ३५, बँकेच्या पत्रासकट. इथं आणून बारा महिन्यांच्या वर ठेवली की एमएच नंबर घ्यावाच लागतो. आणि टॅक्स! आपल्याकडं वीस लाखांवरच्या डिझेलला १५ टक्के, आणि तो तुमच्या बारा लाखांवर नाही बरं का. मूळ किमतीवरनं काढतात, वयाची सूट देऊन. चिरंजीवांनी तो धरलाय का हिशेबात? बघा, गप्प बसलात. दलालही तिथंच गप्प बसतो. बाहेरनं तयार होऊन आलेली गाडी असली तर पंधरा वर्षांनी पासिंग नवं करायला ४० हजार, आपल्याकडच्या गाडीला ५ हजार. विमा चौदा दिवसांत नावावर करायला अर्ज द्यायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, आपल्याला मिळत नाही. फास्टॅग त्याचा बंद करून आपला घ्यायचा. अण्णांचा राहिला होता. कोगनोळी, किणी, तासवडे, सगळे टोल तिकडं दिल्लीच्या शेठच्या खात्यातनं जात होते. शेठचा फोन आला तेव्हा अण्णांचा चेहरा बघायला पाहिजे होता.

आता माझं मत विचाराल तर ऐका. पोराला खरंच डोंगर, शेत, कोकण करायचं असलं तर जुनी फॉर्च्युनर, नाहीतर मिळाली तर प्राडो. घेताना महाग पडते, दहा वर्षांच्या गाडीला इतके कसे म्हणून जीव खालीवर होतो. पण पार्ट मिळतो, मिस्त्री मिळतो आणि विकताना पैसे परत येतात. जर्मन-इंग्लिश घेताना स्वस्त, ठेवताना नाही. तरी तीच पाहिजे असली तर गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बँकेत वेगळा ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही. बारा लाखांची गाडी म्हणजे सोळा लाखांची तयारी. तेवढी नसली तर अण्णांच्या गाडीत बसून फिरा, तेही बोलावतात.

हो हो, मी येतो की बघायला. दिल्लीला नाही, इकडं पुण्यात आली की. मालकाला आदल्या दिवशीच सांगायचं, रात्री गाडी पूर्ण उचलून लावा आणि सकाळी मी येईपर्यंत चालू करू नका. मी चारही चाकांवरची फट बोटांनी मोजणार, बोनेटला हात लावून बघणार. एक कोपरा खाली असला किंवा बोनेट गरम लागलं, तर पुढं बोलायचं नाही. चिरंजीवांना सांगून ठेवा, तोवर टोकन द्यायचं नाही.