थेट उन्हात ठेवू नये

शेजारच्या काकूंच्या धाकट्याला नोकरी लागली आणि पहिल्याच दिवशी कंपनीने त्याला एक झाड दिलं. मनी प्लांट. पांढऱ्या चिनी मातीच्या कुंडीत, कुंडीवर कंपनीचं बोधचिन्ह आणि त्याखाली ‘आमच्यासोबत वाढा’. वेलकम किटमधला बाकीचा ऐवज नेहमीचाच होता. डबल एक्सएल टी-शर्ट (मुलगा मीडियममध्येही पोहतो), स्टीलची बाटली, वही, पेन आणि लॅपटॉपवर चिकटवायचे स्टिकर. लॅपटॉप नव्हता. तो येणार होता.

खोक्याचा फोटो समाजमाध्यमांवर टाकायची सूचना खोक्यातच होती, हॅशटॅगसकट. त्याने टाकला. काकूंनी कुंडी खिडकीत ठेवली आणि मला कौतुकाने बघायला बोलावलं. मी झाड पाहिलं आणि मग झाडासोबत आलेली चिठ्ठी वाचली. आजचं सदर त्या चिठ्ठीवर आहे.

चिठ्ठी जाड, गुळगुळीत कागदाची. मजकूर असा: नव्या जागेत आल्यावर रोपाला सरावायला दोन-तीन आठवडे लागतात. या काळात थेट उन्हात ठेवू नये. जागा सारखी बदलू नये. लगेच खत देऊ नये. माती वरून कोरडी लागली तरच पाणी घालावे. एखादे पान पिवळे पडल्यास घाबरू नये. अडचण आल्यास मागील क्रमांकावर संपर्क साधावा.

नव्या माणसाला कामावर कसं वागवावं याबद्दल इतकं शहाणपणाचं आणि इतकं थोडक्यात मी आजवर काही वाचलं नव्हतं. अडचण एवढीच, की ते झाडाबद्दल होतं.

“तुलाही अशी काही चिठ्ठी दिली का रे?” मी विचारलं.

“मला पीपीटी दिली काका. दोन तास चालली.”

पीपीटीत संस्थापकांचं स्वप्न होतं, कंपनीची मूल्यं होती, ती मूल्यं त्रिकोणात बसवलेली होती, ड्रेस कोड होता आणि कॅन्टीनच्या वेळा होत्या. हा मुलगा उद्यापासून नेमकं काय काम करणार, हे एकाही स्लाइडवर नव्हतं. मग फॉर्म आले. भविष्य निर्वाह निधीचा नॉमिनी, गटविम्याचा नॉमिनी, ग्रॅच्युइटीचा नॉमिनी. म्हणजे बावीस वर्षांच्या पोराने उंबरठा ओलांडला आणि कंपनीने त्याला पहिला गंभीर प्रश्न विचारला तो हा, की बाबा रे, तू गेल्यावर पैसे कोणाला द्यायचे? तोही तीनदा. ग्रॅच्युइटीला १९७२च्या कायद्याने पाच वर्षांच्या सलग नोकरीची अट घातली. त्याच्या पाचव्या वर्षाची कागदोपत्री सोय झाली. पाचव्या दिवशी त्याने बसायचं कुठे, हे मात्र कोणी ठरवलं नव्हतं.

चिठ्ठी म्हणते, जागा सारखी बदलू नये. त्याच्या ऑफिसात ठरलेली जागा कोणालाच नाही, रोज सकाळी ॲपवरून खुर्ची ‘बुक’ करायची. ॲप उघडायला कंपनीचा ईमेल लागतो. ईमेल सुरू व्हायला पासवर्ड लागतो. पासवर्ड चालत नसेल तर नवा करण्याची लिंक येते, आणि ती येते कंपनीच्या ईमेलवर. तक्रार करायची तर हेल्पडेस्कचं तिकीट काढायचं. तिकीट काढायला लॉगिन करायचं. पोरगा पहिला आठवडा पॅन्ट्रीत बसून होता. तिथल्या मामांनी त्याला चहाच्या मशीनचं कोणतं बटण दाबलं की नुसतं गरम पाणी येतं, कोणतं दाबलं की काहीच येत नाही आणि मशीन अडलं की कुठे थाप मारायची, हे नीट उभं राहून, करून दाखवून, त्याच्याकडून करून घेऊन शिकवलं. आठवडाभरात त्याला मिळालेलं हे एकमेव प्रशिक्षण. ते देणारा माणूस कंत्राटी होता, त्यामुळे त्याला स्वतःला कुंडी मिळालेली नव्हती. मी गंमत म्हणून चिठ्ठीमागचा नंबर लावला. दुसऱ्या रिंगला नर्सरीतल्या बाईंनी उचलला. खिडकी कोणत्या दिशेला आहे, कुंडीला खाली भोक आहे का, पाणी कोण घालतं, सगळं विचारलं. “पान पिवळं पडलं तर फोटो पाठवा, रात्री पाठवला तरी चालेल,” म्हणाल्या. झाडाला तिकीट काढावं लागलं नाही.

लगेच खत देऊ नये. लॅपटॉप आला त्याच दिवशी त्यावर व्हिडिओंचा ढीग येऊन पडला. माहितीची सुरक्षा, लाच, आग, लैंगिक छळ. विषय एकेक मोलाचा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने अशी जागृती करणं मालकावर बंधनकारक केलं, ते काही कोणाची करमणूक व्हावी म्हणून नव्हे. पण शिकवायची तऱ्हा अशी, की व्हिडिओ संपेपर्यंत ‘नेक्स्ट’चं बटण उजळत नाही. त्यामुळे सगळं ऑफिस आवाज बंद करून त्या बटणाकडे डोळे लावून बसलेलं. शेवटी प्रश्नमंजुषा. आग लागल्यास काय कराल? उत्तर चुकलं तर पुन्हा द्या, पुन्हा चुकलं तर पुन्हा द्या, बरोबर येईपर्यंत देत राहा. आग तेवढा वेळ थांबेल. मग प्रमाणपत्र. जिना कुठे आहे, हे त्याला प्रमाणपत्र मिळाल्यानंतर मामांनी दाखवलं.

थेट उन्हात ठेवू नये. लगेच पुढच्या सोमवारी त्याला क्लायंटच्या कॉलवर बसवलं. ओळख करून देताना मॅनेजर म्हणाले, की यांचा या विषयात चांगला हात बसलेला आहे. हा बिचारा स्वतःबद्दलची बातमी इतरांबरोबरच ऐकत होता.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली ‘बडी’ देतात की. देतात. यालाही दिला. बडी नोटीस पिरियडवर होता. यात चूक कोणाची नाही, हिशेब सरळ आहे. कामात बुडालेल्या माणसाला बडी करता येत नाही, कारण त्याला वेळ नसतो. वेळ फक्त सोडून जाणाऱ्याला असतो. म्हणून ज्याला इथे राहायचं नाही, त्याने नुकत्याच आलेल्याला इथे कसं राहायचं ते समजावायचं. दोघांनी एकत्र दोनदा जेवण केलं. त्यात मुलाला टीममध्ये कोणाशी सांभाळून बोलावं, पगारवाढ कशी होत नाही आणि कोणत्या कंपन्यांत सध्या भरती चालू आहे, एवढं पक्कं कळलं. कामाचं विचारलं तर बडी म्हणाला, “केटीची रेकॉर्डिंग्ज आहेत, बघून घे.” केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. ती रेकॉर्डिंग्ज आयटीतल्या प्रत्येकाने पाहिलेली आहेत. पहिली दहा मिनिटं ‘आवाज येतोय का?’ पुढची पाच मिनिटं ‘स्क्रीन दिसतेय का?’ मग कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी होते, मग बोलणारा म्हणतो, “हा भाग तसा सोपा आहे, तुम्हाला कळेलच,” आणि नेमका तोच भाग सोडून पुढे जातो. ज्या प्रणालीबद्दल हे चाललेलं असतं, ती मध्यंतरी बदललेली असते. मुलाने ती सगळी रेकॉर्डिंग्ज पाहिली, वहीत टिपणं काढली (वही किटमधली, तेवढा तिचा उपयोग झाला) आणि टिपणं दाखवायला गेला, तर बडीचा शेवटचा दिवस होऊन गेला होता.

महिन्याअखेर पान पिवळं पडलं. म्हणजे मुलाचं. मॅनेजरनी शेरा दिला: ‘पुढाकार कमी, प्रश्न विचारत नाही.’ कोणाला विचारायचे होते? त्याच दिवशी एचआरकडून मेल आला, तुमचा रुजू होण्याचा अनुभव कसा होता, पाचपैकी एक चेहरा निवडा. पोराने सर्वांत हसरा चेहरा निवडला. प्रोबेशनवर असलेला माणूस दुसरा कोणता चेहरा निवडणार? ते सगळे हसरे चेहरे आता पुढच्या पीपीटीत जातील.

सरकारी कचेऱ्यांनी फार हुरळून जाऊ नये. तिथे कुंडी मिळत नाही इतकाच फरक. स्पर्धा परीक्षेत जगाची माहिती पाठ करून आलेल्या मुलीला पहिल्या दिवशी टेबल दाखवतात आणि म्हणतात, जुन्या फायली वाचा, कळेल. जुन्या फायली लिहिणाऱ्यालाही असंच सांगितलेलं होतं.

इथवर हसण्यावारी नेलं. पण ही चैन एसी ऑफिसातली आहे. तिथे नव्याला शिकवलं नाही तर फार तर एक अहवाल चुकतो. एमआयडीसीतल्या लहान शेडमध्ये तेच केलं तर बोटं जातात. कंत्राटदार सकाळी मुलं गाडीतून आणून गेटवर उतरवतो. कुंडी सोडा, धड बूट मिळत नाहीत. पॉवर प्रेसवर उभं करतात, शेजारचा ऑपरेटर एकदा पत्रा सरकवून, पायडल दाबून दाखवतो आणि म्हणतो, “बघितलंस ना? चल.” झालं प्रशिक्षण. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, अशी सोय त्या मशीनला करता येते, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. ती सोय अनेकदा बायपास केलेली असते, कारण तिच्यामुळे तासाचे नग कमी होतात. १९८७ साली कारखाना कायद्यात कलम १११-अ घातलं गेलं. त्यात कामगाराला सुरक्षिततेची माहिती मिळवण्याचा आणि शक्य तिथे कारखान्यातच प्रशिक्षण घेण्याचा हक्क दिला. हक्क! आणि गेटवर उतरलेल्या त्या पोराला तो हक्क कोणी सांगायचा? ज्याला रोजचे नग मोजायचे आहेत त्याने? बोट तुटलं की चौकशीत लिहितात, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. जे कोणी दाखवलंच नाही, त्यात निष्काळजीपणा करायचा तरी कसा?

आणि या सगळ्यावर आमच्या पिढीचं एक ठेवणीतलं उत्तर आहे: “आम्हाला कोणी शिकवलं होतं? आम्ही बघून बघून शिकलो.” हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. बघून बघून शिकलात म्हणजे चुकत चुकत शिकलात, आणि त्या चुकांचं बिल कोणीतरी भरलं. ग्राहकाने भरलं, हाताखालच्याने भरलं, घरच्यांनी भरलं. ज्यांची नोकरी त्या चुकांत गेली ते हे वाक्य म्हणायला समोर नाहीत, म्हणून तुम्हाला ते पद्धतशीर वाटतं. त्यातही काही महाभाग मुद्दाम शिकवत नाहीत. मशीनची एक खुबी, फाईलचा एक रस्ता, कोडमधली एक जागा ते स्वतःपाशी ठेवतात. म्हणे, सांगितली तर आपली गरज राहणार नाही. आणि वरचे लोक अशा माणसाला ‘अनुभवी’ म्हणून बढती देतात.

कार्डच छापायची हौस असेल तर त्याचाही नमुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत कधी मशीन न पाहिलेली माणसं मोठ्या संख्येने भरती झाली, तेव्हा शिकवणाऱ्यांच्या हातात खिशात मावेल असं एक कार्ड दिलं होतं. चार पायऱ्या: शिकणाऱ्याची तयारी करा, काम करून दाखवा, त्याला करू द्या, नंतर लक्ष ठेवा. आणि माणूस शिकला नाही तर दोष शिकवणाऱ्याचा, असं त्या कार्डाने स्वच्छ बजावलं होतं. शिकणाऱ्याला नव्हे, शिकवणाऱ्याला. पॅन्ट्रीतल्या मामांनी ते कार्ड न वाचताच पाळलं.

कंपन्यांना हे कळत नाही असं नाही. कुंडीचं बिल एका सहीत मंजूर होतं, जाणत्या माणसाचे दोन तास मंजूर होत नाहीत. मी त्या मुलाकडून टाइमशीट मागून पाहिलं. त्यात मीटिंगला रकाना आहे, प्रवासाला आहे, ‘उत्सव समिती’ला आहे. नव्या माणसाला शेजारी बसवून शिकवलं तर ते तास लिहायला रकाना नाही. जी सीनियर बाई तरीही शिकवते, तिचे ते तास ‘काम नाही’ म्हणून दिसतात आणि अप्रेझलला तिलाच विचारतात, तुमचं आउटपुट का घसरलं?

वाचकांत कोणी एचआरवाले असतील, शेडचे मालक असतील, कचेरीतले साहेब असतील, तर एवढंच करा. तो रकाना सुरू करा, त्यात भरलेल्या तासांचे पैसे द्या, आणि ज्यांनी तो भरला त्यांना बढतीत वर घ्या.