गोळी सोडायला लावणाऱ्या काकांना खुले पत्र

बागेतल्या कट्ट्यावरचे काका,

नमस्कार. ‘सप्रेम’ मुद्दामच लिहिलेलं नाही.

माझ्या मावशीला तुम्ही छातीठोक सांगितलंत, “बीपीच्या गोळीनं माणूस फुगतो. टाका बंद करून!” तिचं वजन वाढत होतं, ब्लाउज घट्ट होत होते आणि तिला कारण हवंच होतं. ती ॲटेनोलॉल घेत होती. तुमच्या शब्दाखातर तिनं ती एकदम थांबवली. मग धडधड सुरू झाली, छातीत दुखू लागलं आणि तिला हलवावं लागलं ते थेट अतिदक्षता विभागात. ती वाचली ती डॉक्टरांमुळे. तुम्ही तेव्हा कट्ट्यावर पुढच्या माणसाची गोळी सोडवत होतात.

तुमच्या बोलण्यात खरं किती होतं, तेही सांगते. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या बीटा ब्लॉकर गोळ्यांनी वजन थोडं वाढू शकतं. नाडी मंदावते, शरीराची ऊर्जा कमी खर्च होते, चरबी वितळण्याचा वेग घटतो आणि थकव्यामुळे चालणंही कमी होतं. पण थोडं म्हणजे किती? ब्रिटनमधल्या मधुमेही रुग्णांचा नऊ वर्षांचा अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला. त्यात ॲटेनोलॉल घेणाऱ्यांचं वजन सरासरी 3.4 किलोनं वाढलं आणि कॅप्टोप्रिल घेणाऱ्यांचं 1.6 किलोनं. म्हणजे दोन्ही गटांत वजन वाढलंच, फरक पावणेदोन किलोंच्या आसपासचा. रक्तदाबाचे धोके मात्र दोन्ही गोळ्यांनी सारखेच कमी केले. एवढ्याशा फरकासाठी तुम्ही एका बाईचं हृदय पणाला लावलंत.

ही गोळी अचानक का सोडायची नाही, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंत? ती ॲड्रेनलिनचा परिणाम अडवून धरते. शरीर त्याला सरावतं आणि ॲड्रेनलिन पकडणाऱ्या जागा वाढवतं. गोळी एका दिवसात काढून घेतली, की तो सगळा जोर हृदयावर एकदम येतो. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या असतात, त्यांना त्यातून झटकाही येऊ शकतो. म्हणून डॉक्टर डोस टप्प्याटप्प्यानं उतरवतात.

आणि तुमचा ‘फुगतो’ हा शब्द! अम्लोडिपिननं घोट्यांवर सूज येते, बायकांना जास्त, संध्याकाळी जास्त. लहान धमन्या रुंदावतात, शिरा त्या मानानं रुंदावत नाहीत आणि पाणी आजूबाजूच्या ऊतींत झिरपतं. ते पाणी असतं, चरबी नसते. डोस कमी करून किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी जोडून ती सूज बरीच उतरवता येते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी सुरुवातीला वजन उतरतं, तेही पाण्याचंच. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांचा वजनावर फारसा परिणाम होत नाही. इतक्या वेगवेगळ्या औषधांना तुम्ही ‘बीपीची गोळी’ या एकाच पोत्यात कोंबलंत आणि पोतं फेकून द्यायला सांगितलंत.

राग तुमच्या अज्ञानाचा नाही, खात्रीचा आहे. डॉक्टरांना रुग्णापाशी बसायला वेळ नसतो, हे मला ठाऊक आहे. गोळीनं वजनात काय फरक पडेल, हे मावशीला कुणी आधी सांगितलंच नव्हतं, ही दवाखान्याची चूकच. त्या रिकाम्या जागेत तुम्ही शिरलात. “डॉक्टरांना विचारा, गोळी बदलून मिळेल,” एवढं एकच वाक्य तुम्ही बोलला असतात, तर ते पुरेसं होतं. तिची गोळी आता खरंच बदलली आहे.

पुन्हा कुणी वजनाची तक्रार घेऊन आलं, तर तेवढंच वाक्य बोला. ते जमत नसेल तर गप्प बसा.

आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांना विनंती: वजन वाढलं तर पुढच्या तपासणीला गोळ्यांचं पाकीट आणि वजनाची नोंद घेऊन जा, गोळी बदलता येईल का ते स्पष्ट विचारा. आठवडाभरात दोन किलोंहून जास्त वजन वाढलं, पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पण गोळी मनानं बंद करू नका.

— एका पेशंटची भाची