हरणाच्या शिंगाचं मीठ

न्यूरेंबर्ग म्हटलं की आमच्या पिढीला खटला आठवतो. आमच्या मुलीला खाऊ आठवतो. ती तिथून वीसेक किलोमीटरवर, एर्लांगेनला राहते. डिसेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो, तर विमानतळावरून घर येईपर्यंत तिनं चारदा बजावलं, "बाबा, लेबकूखेन खाल्ल्याशिवाय परतायचं नाही."

पहिली फेरी अर्थातच न्यूरेंबर्गच्या नाताळच्या बाजारात. तिथलं एलिझेन लेबकूखेन म्हणजे तळहाताएवढी, पातळ पापडीवर थापलेली तपकिरी चकती. त्यात निदान 25 टक्के बदाम, अक्रोड, हेझलनट हवेत आणि पीठ 10 टक्क्यांच्या वर नको, असा तिथला दंडक. शिवाय 1996पासून न्यूरेंबर्गच्या हद्दीबाहेर भाजलेल्याला 'न्यूरेंबर्गचं' म्हणायची सोय नाही. अंडं असतं म्हणून मार्गशीर्ष पाळणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींनी ते खाल्लं नाही. 'कूखेन' म्हणजे केक, एवढं नुसतं ऐकूनच निकाल दिला. "मग त्याला केक कशाला म्हणायचं? चिक्कीच झाली की ती!"

मुलीच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. हिची अडचण कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग बिनअंड्याचं करू." मध, साखर आणि पीठ मळून आठ दिवस थंड खोलीत मुरत ठेवलेला गोळा त्यांच्याकडे तयारच होता. आम्ही गेलो तेव्हा त्यात मसाला आणि फुगायचा क्षार घालायचा तेवढा राहिला होता.

क्षाराची पुडी टेबलावर होती. हिला परदेशात प्रत्येक पुडीवर मोबाइल धरून मराठी करून घ्यायची सवय लागली होती. मोबाइलनं इमानेइतबारे सांगितलं : हरणाच्या शिंगाचे मीठ.

हिनं पुडी जपून खाली ठेवली. "आज गुरुवार आहे."

पुढची दहा मिनिटं मुलगी जर्मनमध्ये महालक्ष्मीचं व्रत समजावत होती. आजींना आधी काही कळेना. मग कळलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. पूर्वी खरोखरच शिंगं तापवून हा क्षार काढत, आता कारखान्यात होतो, नाव तेवढं राहिलं. पुरावा म्हणून त्यांनी पुडी उघडून माझ्या नाकाखाली धरली. अमोनिया! एका क्षणात मी एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीपाशी पोचलो. भाजताना हा वास उडून जातो म्हणे, म्हणून बिस्किटं पातळच लाटायची. लाटणं हिनं कधी हातात घेतलं ते आम्हाला कळलंही नाही.

मसाल्याच्या वेळी मात्र मी सरसावलो. दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ, जायपत्री, धणे, बडीशेप... "अहो, हा तर आमच्या घरचा डबा!" असं छाती फुगवून सांगितलं. आजींनी शांतपणे विचारलं, "यातलं तुमच्या गावात काय पिकतं?" आमचं गाव पुणे. दालचिनी श्रीलंकेची, लवंग-जायफळ पार मोलुक्का बेटांवरचं, वेलदोडा केरळचा. धण्यांवर दावा सांगावा तर आजींच्या मागे खिडकीत कुंडी होती, कोथिंबिरीची. माझी छाती मूळच्या मापावर आली.

इंग्रजीत या कुळाला जिंजरब्रेड म्हणतात, म्हणून मी आलं शोधत होतो. मिळाली ती चिमूटभर सुंठ, तीही शेवटी, आठवण झाली म्हणून घातल्यासारखी.

भट्टीचं दार उघडताच मघाचा तो वास एकदम अंगावर आला. बाहेर उणे तीन तापमान असताना आजींनी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. आम्ही कोट घालून, कानटोप्या चढवून स्वयंपाकघरात बिस्किटांची वाट पाहत बसलो. दहा मिनिटांत वास गेला आणि लवंगेचा घमघमाट उरला. मी अधीरपणे एक तोंडात टाकलं. कट्कन आवाज झाला. बिस्कीट शाबूत होतं. दाढेवरची टोपी निघाली होती.

"दोन आठवडे थांबायचं असतं," आजी म्हणाल्या. "डब्यात सफरचंदाची फोड ठेवायची, मऊ पडतात."

आमचं परतीचं तिकीट चौथ्या दिवसाचं होतं. डबा पुण्याला आणला, फोड इथे घातली. सकाळ-संध्याकाळ ही बोटानं दाबून बघायची, लोणचं मुरलं का पाहावं तशी. पंधराव्या दिवशी बोट रुतलं. पहिला मान समोरच्या काकूंना. त्यांनी डोळे मिटून सावकाश चघळलं आणि म्हणाल्या,

"सुंठवडा छान झालाय हो. सुंठ तेवढी कमी पडली."